एका डोळ्याची जखम, दुसऱ्या डोळ्याचे दुखणे



पॅरिस शहराच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे एक लहानसे गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेथे सिमाँ-रने ब्रेल नावाचा एक कारागीर राहत असे. घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे शिवण्याचा त्याचा धंदा. आपल्याकडे ज्याला जीनगर म्हणतात तसाच तो. १८१२ साली त्याचा तीन वर्षांचा मुलगा लुई बापाच्या दुकानात खेळत होता. चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या हाती लागली. बापाचे पाहून पोरानेही चामड्यावर आरी दाबली, ती सटकली आणि नेमकी एका डोळ्यात घुसली.

त्या काळी जे उपचार होते ते झाले. जखमी डोळा गेलाच. पण पुढे चांगला डोळाही लाल झाला, दुखू लागला, त्याची नजर मंद होत गेली, आणि पाच वर्षांचा होईतो लुई दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. हाच मुलगा पुढे पॅरिसच्या अंधशाळेत शिकला आणि १८२४ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी बसवली. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ मध्ये याच टिंबांवरून भारती ब्रेल ठरली, आणि आपली अंध मुले मराठी वाचतात ती त्याच लिपीत.

ही गोष्ट शिक्षक मंडळींना ठाऊक असेल. आज मला विचारायचे आहे ते वेगळेच. आरी लागली एका डोळ्याला. मग दुसरा डोळा का गेला? त्याला तर कुणी बोटसुद्धा लावले नव्हते!

जखमेतला पू एका डोळ्यातून दुसऱ्यात गेला असेल, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. इतक्या वर्षांपूर्वीच्या रोग्याचे निदान आज छातीठोकपणे करता येत नाही हे खरे. तथापि पुष्कळ नेत्रवैद्यांना आज असे वाटते की, लुईला एक विशिष्ट दुखणे झाले असावे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘सोबत्याच्या दुःखाने दुखणाऱ्या डोळ्याचा दाह’ असा आहे. आपण त्याला सहवेदी नेत्रदाह म्हणू. या दुखण्याचा उलगडा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि तो होता होता डोळ्यातल्या काळ्या रंगाविषयीची आपली समजूतच पालटली.

प्रथम हा काळा रंग डोळ्यात असतो कुठे ते पाहू. एक काळे द्राक्ष घ्या आणि त्याचा देठ उपटा. देठाच्या जागी जे भोक दिसेल ती डोळ्याची बाहुली. भोकाभोवतीची साल ते बुबुळ. आणि तीच साल मागे सबंध गोल वळसा घेऊन जाते, ते रंजितपटल. जुन्या वैद्यांनाही हेच साम्य दिसले होते, म्हणून या थराचे लॅटिन नाव द्राक्षावरूनच पडले आहे. रंजितपटलाच्या आत दृष्टिपटल असते. त्यावर चित्र उमटते. या दोहोंच्या मध्ये रंगपेशींची एकेरी, दाट अशी एक रांग असते. तिला आपण रंगपेशींची भिंत म्हणू. म्हणजे डोळ्यात रंगपेशी दोन जातीच्या झाल्या. बुबुळात आणि रंजितपटलात विखुरलेल्या त्या एक. या भिंतीतल्या त्या दुसऱ्या. भिंतीतल्या पेशी गर्भावस्थेत मेंदूच्याच कोंबापासून तयार होतात. विखुरलेल्या पेशी मात्र कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशींच्या सख्ख्या भावकीतल्या आहेत. ही भावकी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडेल.

हा काळा रंग कशासाठी? शाळेत आपण खोक्याला टाचणीने भोक पाडून कॅमेरा करतो, तेव्हा खोक्याला आतून काळा कागद लावतो. आत शिरलेला प्रकाश इकडे तिकडे उसळू नये, चित्र स्वच्छ उमटावे, हा त्यातला हेतू. डोळ्यातल्या काळ्या थराचेही तेच काम. म्हणून फार दिवस शास्त्रज्ञांनी त्याच्याकडे आतून दिलेला काळा रंग एवढ्याच दृष्टीने पाहिले. भिंतीला लावलेला रंग काही बोलत नाही, ऐकत नाही. मग त्याची चौकशी कोण करणार?

आता पुन्हा आपल्या दुखण्याकडे येऊ. १८३० साली ग्लासगो येथील नेत्रवैद्य विल्यम मॅकेन्झी यांनी डोळ्यांच्या रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका डोळ्याला भोसकल्यासारखी जखम व्हावी आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्यात दाह सुरू व्हावा, अशा रोग्यांचे त्यांनी नीट वर्णन केले. दोन डोळ्यांच्या दृष्टिनाड्या मेंदूपाशी एकमेकींना भेटतात. तेव्हा दाह या वाटेने एका डोळ्यातून दुसऱ्यात जात असावा, असा त्यांचा तर्क होता. वर्णन बिनचूक होते, पण तर्क पुढे टिकला नाही.

कारण कळले नाही तरी उपाय शोधावा लागतोच. १८५१ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल गावच्या ऑगस्टिन प्रिचर्ड यांनी एक कठोर उपाय सुचवला. जखमी डोळा आंधळा झालाच असेल तर तो काढून टाकावा, म्हणजे दुसरा वाचेल. पुढे अनुभवाने असे ठरले की, जखम झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत हे केले तर उपयोग. एकदा दुसऱ्या डोळ्यात दाह सुरू झाला की मग काढून फारसा लाभ नाही. आता विचार करा, आईबापांपुढे केवढा पेच! जखमी डोळ्यात थोडी नजर उरली असेल आणि वैद्य म्हणतो, तो काढू द्या. नाही म्हणावे तर दोन्ही जाण्याची भीती, हो म्हणावे तर कदाचित उगीचच एक गमावला. जवळजवळ शंभर वर्षे वैद्य आणि रोगी या पेचात सापडलेले होते.

परंतु काढलेले हे डोळे वाया गेले नाहीत. व्हिएन्ना येथील अर्न्स्ट फुक्स यांनी असे पुष्कळ डोळे पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९०५ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांना जंतू सापडले नाहीत. सापडल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी, आणि त्या नेमक्या रंगाच्या थरात जमलेल्या होत्या. काही मोठ्या पेशींच्या पोटात तर रंगाचे कणच दिसत होते. चोर पकडायला निघालेला जमाव एकाच घरावर जाऊन पडावा, तसे हे दृश्य होते. त्या घरात असे काय होते?

प्राग येथील अँटोन एल्श्निग यांनी १९१० साली त्याचे उत्तर दिले. ते म्हणाले, जखमेमुळे डोळ्यातला रंगाचा थर फुटतो आणि त्यातला पदार्थ रक्तात मिसळतो. शरीर त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध उठते. आणि मग तोच पदार्थ दुसऱ्या डोळ्यातही दिसल्यामुळे त्या निरोगी डोळ्यावरही तुटून पडते. एल्श्निग यांचे हे म्हणणे त्या काळी धाडसाचे होते. शरीर स्वतःवरच शस्त्र उगारणे टाळते, असे पाउल एर्लिक या थोर शास्त्रज्ञांनी नुकतेच सांगितले होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. त्यामुळे एल्श्निग यांची कल्पना पुष्कळ वर्षे वादातच राहिली.

तिला बळकटी आली ती एका वेगळ्याच रोगाकडून. १९०६ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड फोग्ट यांनी एक रोगी नोंदवला होता. डोळ्यांच्या दाहाबरोबर त्याच्या पापण्यांचे केस पांढरे झाले होते. पुढे जपानमध्ये १९२६ साली हाराडा यांनी आणि १९२९ साली कोयानागी यांनी असे रोगी सविस्तर वर्णिले. येथे जखम मुळीच नसते. आधी डोके दुखते, कान वाजतात, ऐकू कमी येते, दोन्ही डोळ्यांची नजर एकदम धूसर होते. आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी भुवया, पापण्या पांढऱ्या होतात, अंगावर कोडासारखे डाग उठतात. या रोगाला आता तिघांच्याही नावांनी ओळखतात. तो जपानप्रमाणे आपल्या देशातही आढळतो.

डोळा कुठे, कान कुठे आणि भुवयांचे केस कुठे! पण मघाशी सांगितलेली भावकी आठवा. रंगपेशी कातडीत असतात, केसांच्या मुळाशी असतात, कानाच्या अंतर्भागात असतात, मेंदूच्या वेष्टनातही असतात. जिथे जिथे ही भावकी नांदते तिथे तिथे दुखणे जाते. म्हणजे रोख रंगपेशींवरच आहे, ही गोष्ट उघड झाली. सन २००० मध्ये जपानी संशोधकांनी, रंग तयार करण्यासाठी या पेशी जी प्रथिने वापरतात ती उंदरांना टोचून तशाच प्रकारचे दुखणे निर्माण करून दाखवले. एल्श्निग यांचा नेम बव्हंशी बरोबर होता, तो नव्वद वर्षांनी असा सिद्ध झाला.

पण मग आणखी एक प्रश्न उरतो. पांढऱ्या पेशी कितीही चिडल्या तरी इतक्या झपाट्याने झुंडीने त्या जमतात कशा? त्यांना बोलावते कोण?

पूर्वी गावात काही घडले की दवंडी पिटत. शरीरातही अशी दवंडी असते. १९५७ साली लंडन येथे आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना दिसले की, विषाणूने घेरलेल्या पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना असाच दुसरा एक पदार्थ सापडला; तो प्रयोगातल्या गाठी मारून टाकी म्हणून त्याचे नाव तसेच पडले, त्याला थोडक्यात टीएनएफ म्हणतात. १९७९ साली स्वित्झर्लंडमधील एका परिषदेत आणखी काही निरोपांना इंटरल्युकिन हे नाव देऊन क्रमांक लावण्यात आले. या सगळ्यांना मिळून सायटोकाइन म्हणतात. पेशी पेशीला जो निरोप धाडते तो हा. १९८० नंतर हे पदार्थ शुद्ध स्वरूपात तयार करता येऊ लागले, आणि मग एकेक निरोप एकेका पेशीला ऐकवून ती काय करते हे पाहण्याची सोय झाली.

आधी भिंतीतल्या रंगपेशींवर हे प्रयोग झाले. त्यांना इंटरफेरॉनचा गॅमा नावाचा प्रकार दिला, तर त्या आपल्या अंगावर अशा खुणा लावू लागल्या की ज्या पाहून पांढऱ्या पेशी तिथे थांबाव्यात. टीएनएफ आणि पहिले इंटरल्युकिन दिले, तर त्या स्वतःच आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणारे निरोप सोडू लागल्या. शिवाय भिंतीचे सांधे सैल पडतात. एरवी ही भिंत रक्तातले पाणी दृष्टिपटलाखाली शिरू देत नाही. दाहात मात्र ते झिरपते, दृष्टिपटल उचलले जाते आणि नजर धूसर होते. जपानी वैद्यांनी वर्णिलेल्या रोगात नेमके हेच होते.

विखुरलेल्या रंगपेशी हाती धरणे कठीण होते. १९९३ साली न्यूयॉर्क येथे डॅन-निंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दान मिळालेल्या डोळ्यांतून त्या वेगळ्या काढून काचेच्या बशीत वाढवल्या. नेत्रदानात पुढची स्वच्छ काच दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवतात, आणि उरलेल्या भागातून असे ज्ञानही मिळू शकते. पुढच्या प्रयोगांत दिसले की, पहिल्या इंटरल्युकिनचा निरोप ऐकला की या पेशी सहावे आणि आठवे इंटरल्युकिन भराभर बाहेर टाकतात. आठव्याचे कामच मुळी पांढऱ्या पेशींना ओढून आणणे हे आहे.

म्हणजे काय झाले पाहा! ज्यांना आपण भिंतीवरचा मुका रंग समजत होतो त्या पेशी दवंडी ऐकतात, आणि ऐकून स्वतःही दवंडी पिटतात. ज्यांच्या घरावर जमाव चालून आला तेच घाबरून आणखी लोक गोळा करतात. अखेर पुष्कळ रंगपेशी मरतात. रंजितपटलाचा काळेपणा ओसरतो आणि आतला लाल भाग दिसू लागतो. दुर्बिणीतून पाहणाऱ्या वैद्याला तेथे मावळतीच्या आभाळासारखी लाली दिसते, आणि या लक्षणाला तसेच नावही पडले आहे.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. याच रंगपेशी शांततेचा निरोपही देतात. १९४८ साली इंग्लंडच्या पीटर मेडावर यांना दिसले की, परक्या कातडीचा तुकडा सशाच्या डोळ्याच्या पुढल्या पोकळीत ठेवला तर तो बरेच दिवस टिकू शकतो. इतरत्र शरीर त्याला लवकर नाकारते. डोळा इतका नाजूक की, तेथे मोठी लढाई परवडत नाही. म्हणून तेथे दाह आवरणारे पदार्थ सदैव पाझरत असतात, आणि ते सोडण्यात भिंतीतल्या रंगपेशींचाही वाटा असतो. रोज भांडण मिटवणारा माणूसच एखाद्या दिवशी बिथरावा, तशातली ही गत.

निरोपांचा परिणाम नुसत्या गर्दीवर होत नाही, रंगावरही होतो. १९०६ साली वर सांगितलेल्या फुक्स यांनीच दाखवले की, वर्षानुवर्षे मंद दाह चाललेल्या डोळ्याचे बुबुळ फिके पडते आणि माणसाचे दोन डोळे दोन रंगांचे दिसू लागतात. याच्या नेमकी उलट गंमतही आहे. १९५७ साली अँबॅश नावाच्या शास्त्रज्ञाने सशाच्या बुबुळातून एक पदार्थ काढला. तो पुढे प्रोस्टाग्लँडिन या दाहातल्याच निरोपांच्या कुळातला निघाला. त्याच कुळावरून काचबिंदूवर लॅटानोप्रोस्ट नावाचे थेंब तयार झाले. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यातला दाब त्यांनी उतरतो, पण हिरवट किंवा घारे डोळे असलेल्या काही रोग्यांची बुबुळे काही महिन्यांत तपकिरी होतात! रंगपेशींची संख्या वाढत नाही. प्रत्येक पेशी अधिक रंग तयार करते. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे मुळातच काळेभोर, त्यामुळे हा फरक सहसा ध्यानात येत नाही.

या सर्व शोधांचा रोग्याला उपयोग काय, असे आपण विचाराल. १९४९ साली अमेरिकेत हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवातावर कॉर्टिसोन वापरून दाखवले, आणि लवकरच ते डोळ्यांच्या दाहावरही दिले जाऊ लागले. हे औषध जणू सबंध गावातल्या दवंड्या एकदम बंद करते. त्यामुळे त्याचा गुण मोठा, पण दीर्घकाळ घेतल्यास मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह यांसारखे दोषही मोठे. मग नेमका एकच निरोप अडवणारी औषधे निघाली. टीएनएफला अडवणारे ॲडालिमुमॅब हे औषध २०१६ मध्ये डोळ्याच्या आतील दाहाच्या काही प्रकारांसाठी मान्य झाले. आता दुसऱ्या डोळ्यात दाह सुरू झाला म्हणजे सगळे संपले, असे राहिलेले नाही. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळांची कामापुरती नजर टिकते. जखमी डोळाही आता ऊठसूट काढत नाहीत. तो शिवून वाचवण्याचा प्रयत्न आधी होतो.

हे दुखणे फार विरळ आहे, म्हणून भिऊन जाण्याचे कारण नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, एक कोटी लोकांमागे वर्षाला सुमारे तीन नवे रोगी आढळले. पण शेतात आणि कारखान्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्याला इजा व्हायला वेळ लागत नाही. बाभळीचा काटा, उसाचे पाते, बैलाचे शिंग, छिन्नीवरून उडालेली कपची, मुलांच्या हातातला विटीदांडू, काहीही पुरते.

म्हणून चार गोष्टी सांगतो. डोळ्यात काही घुसले तर ते उपटू नका, डोळा चोळू नका. वर स्वच्छ वाटीसारखे काही दाब न देता धरा आणि तडक नेत्रवैद्याकडे जा. तूप, दूध, पाल्याचा रस घालू नका. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नका. पात्याने झालेल्या जखमेत बुरशी वाढली असेल तर दाह दाबणारे थेंब डोळा घालवतात. आणि जखम बरी झाली तरी दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवा. तो लाल झाला, उजेड सोसेना, जवळचे अक्षर अस्पष्ट दिसू लागले, तर थांबू नका. जुन्या जखमेची हकिगत वैद्याला आवर्जून सांगा. बहुतेकांना हा त्रास पहिल्या वर्षातच होतो, तरी क्वचित तो पुष्कळ वर्षांनीही उद्भवतो.

शिक्षक मंडळींना एकच विनंती. ब्रेलचा धडा शिकवाल तेव्हा मुलांना त्या सहा टिंबांबरोबर दुसऱ्या डोळ्याचीही गोष्ट सांगा. लुईच्या आईबापांनी जे शक्य होते ते केले. पण त्यांना वैद्य सांगूच शकत नव्हता, कारण वैद्यालाच ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. वर्गातल्या एखाद्या पोराच्या डोळ्याला इजा झाली, तर त्याच्या घरच्यांना दुसऱ्या डोळ्याविषयी सावध करणारे कुणी तरी गावात असले पाहिजे, आणि ते आपण असू शकता.